चौघांचा रस्ता

ती बातमी आली तेव्हा आम्ही मटार सोलत बसलो होतो. स्मशानाकडे जाणारा जुना बोळ बंद होणार होता आणि त्याऐवजी रेल्वेखालून भुयारी मार्ग निघणार होता. नगरपालिकेने लोकांना तो पाहायला बोलावलं. माझी थोरली बहीण सिंधूताई, शाळेतली निवृत्त शिवणशिक्षिका, मला घेऊन गेली.

सभागृहात चार चष्मे मांडले होते. चष्मा लावला की अजून न बांधलेल्या भुयारातून चालता येई. मध्ये एक काटकोनी वळण होतं. ताईने त्या वळणालाच हरकत घेतली.

मुख्याधिकारी इनामदार म्हणाले, "दोनशे लोक चालून आले, कुणालाच अडचण आली नाही. तुमची काय हरकत आहे, बाई?"

"सगळे एकेकटे चालले ना?"

"अर्थात."

"त्या रस्त्याने एकटं कुणी जात नाही, साहेब. तुम्ही चौघं मिळून चला."

तिने पंखे पुसायची बांबूची शिडी मागवली. साहेब हसत तयार झाले. त्यांनी आणि तीन अभियंत्यांनी चष्मे लावून शिडी खांद्यावर घेतली. वळणावर पुढचे दोघे वळले.

"साहेब, मी भिंतीत शिरलोय," मागचा अभियंता म्हणाला.

"मग शिडी उभी करा."

"शिडी होईल उभी," ताई म्हणाली. "वर माणूस असला म्हणजे?"

साहेबांनी चष्मा काढला. वळण रुंद करावं आणि तोवर बोळ खुला ठेवावा, असा शेरा त्यांनी तिथेच लिहिला.

त्याला तीन वर्षं झाली. गेल्या महिन्यात ताईला आम्ही त्याच बोळातून नेलं. भुयाराचं काम अजून सुरू झालेलं नाही.