शेंड्याचा हिरडा

एकदा एका बंदराच्या राजाकडे समुद्रापलीकडचा एक व्यापारी आला. डोंगरातला बाळहिरडा, म्हणजे आठळी धरण्याआधीच तोडून वाळवलेले हिरड्याचे कोवळे फळ, त्याला हवे होते. दर साल हजार पोती, दहा वर्षे, चढ्या भावाने. राजा सावध होता. "हा व्यापार डोंगराला सोसेल का, ते पाहा," असे त्याने वृद्ध आचार्यांना सांगितले. आचार्यांनी ते काम आपल्या शिष्यावर सोपवले. काम नीट झाले तर शिष्याला राजसभेत आसन मिळणार होते.

करारात 'एकही झाड तोडू नये' असे कलम होते. ते वाचून शिष्याला हायसे वाटले. रयतेला विचारण्याचाही शिरस्ता होता, म्हणून त्याने डोंगरकरांना जेवणाचे आमंत्रण देऊन बंदरावरच्या सभामंडपात बोलावले, अख्खा करार शुद्ध राजभाषेत वाचला आणि विचारले, "कोणाची काही हरकत?" कोणी हूं की चूं केले नाही. शिष्याने लिहून टाकले, 'झाडे सुरक्षित. रयत राजी.' आता गप्प बसलेला माणूस राजीच असतो, हे कोणत्या शास्त्रात लिहिले आहे, देव जाणे!

आचार्यांनी अभिप्राय वाचला आणि राजमुद्रा बाजूला ठेवली.

"उद्या डोंगरात जा. स्वतःच्या हातांनी पोतंभर हिरडा तोडून आण. मग मोहोर उमटवतो."

शिष्याचा चेहरा पडला. "गुरुदेव, बारा वर्षं शिकलो ते पोती भरायला? आणि अमावास्येला जहाज सुटतंय!"

"म्हणून तर उद्याच जा."

धुसफुसत का होईना, तो गेला. ठुमाबाई नावाच्या एका म्हातारीने त्याला आपल्या झाडावर चढवले. दुपारपर्यंत हाताला फोड आले, पोते मात्र निम्मेही भरेना. म्हणून त्याने शेंड्याकडे हात घातला, तशी म्हातारी खालून ओरडली.

"आरं ए पंडिता! शेंड्याला हात लावू नगं. त्यो झाडाचा वाटा हाय."

"म्हणजे काय, आजी?"

"शेंड्याचा हिरडा पिकतो, खाली पडतो, रुजतो. समदाच कवळा खुडला तर नवं झाड काय आभाळातनं पडंल?"

शिष्याने हात मागे घेतला. "आणि हजार पोती द्यायची म्हटली तर?"

"मग शेंडंबी खुडावं लागतील. ही झाडं माझ्या आजेसासऱ्याच्या वक्ताची. म्हातारी झाल्यात बाबा. माझ्या नातवंडांनी मागनं काय धोंडं इकायचं?" बोलता बोलता तिचे डोळे भरून आले.

"मग सभेत का नाही बोललात?"

"मी कुठं आले व्हते? ऐन तोडणीत बोलावलंस. ज्यांची झाडं, ती झाडावर. रिकामी व्हती ती आली जेवायला. तू काय वाचलंस ते त्यास्नी कळलंच न्हाई."

शिष्य अर्धे पोते घेऊन परतला. लाजेने त्याची मान वर होईना. आचार्य रागावले नाहीत.

"बाळ, तू खोटं काही लिहिलं नाहीस. पण व्यापार टिकेल का, हे कलमं वाचून पुरतं कळत नाही. ज्याच्या हातून माल निघतो, त्याला ते ठाऊक असतं. तो तुझ्या मंडपात, तुझ्या भाषेत, तुझ्या सवडीनं कसा बोलेल? हे मी इथे बसून सांगितलं असतं, तर तू नुसती मान डोलावली असतीस."

दुसऱ्या दिवशी भर सभेत अभिप्रायावर मोहोर नाही हे पाहून व्यापारी तडकला. "अभिप्रायात स्वच्छ लिहिलंय, रयत राजी! मग घोडं अडलंय कुठे?"

राजाने शिष्याला विचारले, "हे अक्षर तुझंच ना?"

समोर रिकामे आसन होते. शिष्याने त्याकडे एकदा पाहिले.

"माझंच, महाराज. आणि ते चूक आहे. तोडणी संपेपर्यंत करार करू नये. मी डोंगरात जाऊन पुन्हा विचारीन."

जहाज रिकामे गेले. आसन दुसऱ्या कोणाला मिळाले. तोडणी संपल्यावर शिष्य आठ दिवस वाडीवाडीवर बसला आणि लोकांच्या बोलीत करार सांगत गेला. भांडणे झाली, हिशेब चुकले, पुन्हा मांडले. शेवटी सहाशे पोती ठरली; आणि शेंडे राखले की नाही, हे दर साल वाड्यांनीच पाहायचे ठरले. पुढच्या हंगामात व्यापाऱ्याने कुरकुरत सही केली. अंगठा उठवण्याआधी ठुमाबाईने शिष्याकडून तो कागद तीनदा वाचून घेतला, आणि त्याने तो तिन्ही वेळा सावकाश वाचला.

ज्यांच्या जिवावर व्यापार चालतो, त्यांना विचारायचे तर त्यांच्या दारी जाऊन विचारावे, आणि 'नाही' ऐकायची तयारी ठेवून विचारावे.