एंट्रीचा पास

चिमा कुंभारणीचं एकुलतं एक गाढव राजवाड्यात शिरलं आणि चिमा बाहेरच राहिली.

दरवाज्यावर नवी पाटी होती: ‘पासाशिवाय एंट्री नाही. पास आत, दरबारात, महाराजांच्या हातून.’ धामणकोंडच्या महाराजांना कुणा साहेबानं इंग्रजीचा हा एकच शब्द शिकवला होता, आणि तेव्हापासून त्यांच्या अंगात एंट्रीच संचारली होती. घास तोंडात गेला की एंट्री, माशी ताकात पडली की एंट्री. आता गाढवाला काही पाटी वाचता येत नव्हती. खरं सांगायचं तर दौलती दरवानालाही येत नव्हती, पण गडी हुकमाचा पक्का.

“अहो दौलतीभाऊ, पासाशिवाय आत नाही आणि आत गेल्याशिवाय पास नाही. मग माणसानं जावं कसं?”

“ते मला नाही ठाऊक बाई. मला फक्त अडवायचं ठाऊक.”

वर सज्जात महाराज खुदखुदले. “दिवस मावळायच्या आत एंट्री करून दाखव, नाहीतर गाढव सरकारजमा!”

 गाढव गेलं तर माती आणायची कशावर? पण रडून कुणाचं भलं झालंय? तिनं पदर खोचला.

“महाराज, मी पडले अडाणी. ही एंट्री म्हणजे नेमकं काय करायचं असतं, तेच कळंना. कुणी करून दाखवलं तर शिकीन.”

झालं! शब्दाचा अर्थ विचारणारं माणूस महाराजांना पहिल्यांदाच भेटलं होतं. ते धावतच खाली आले, उंबरठा ओलांडून बाहेर गेले आणि मागं वळले. “हे बघ. आधी उजवा पाय...”

दौलतीनं भाला आडवा धरला. “पास, सरकार.”

“अरे, मी राजा आहे!”

“होय सरकार. पास आत मिळतो.”

“मग हुकूम रद्द!”

“हुकूम दरबारातच रद्द होतो, सरकार. आपणच ठरवलंय.”

महाराजांनी दरडावून पाहिलं, चुचकारून पाहिलं. दौलती ढिम्म. डोक्यावर ऊन रणरणत होतं. शेवटी महाराज चिमाकडं वळले. “बाई, आता गं काय करायचं?”

चिमानं डोक्यावरची चुंबळ काढून दरवाज्यालगतच्या दगडावर ठेवली. “बसा.”

महाराज बसले.

“राजा बसेल तिथं दरबार, खरं ना? मग दरबार भरला, आणि आपण दोघंही दरबारात आहोत. काढा पास. पहिला माझा, मी आधीची उभी आहे. दुसरा आपला.”

“हे मात्र खरं,” दौलती म्हणाला. महाराज पोट धरधरून हसले. दोन्ही पास त्यांनी तिथंच लिहिले, तेव्हा कुठं दौलतीनं भाला बाजूला घेतला. चिमाचं गाढव तर सोडलंच, वर त्याच्या जोडीला पागेतलं एक खेचरही देऊन टाकलं.