शंखद्वीपचा काळा धक्का

एका राज्यात, शके अकराशे सोळाच्या शरद ऋतूत, आश्विन वद्य प्रतिपदेला, राजाने भरले ताट सारले. राज्य शंखद्वीप, राजा वज्रसेन. खाडीपलीकडे त्याचा चुलतभाऊ भानुकेतू राज्य करी. त्याच्या बंदरात कुहूक नावाच्या परदेशी मांत्रिकाने एका रात्रीत धक्का बांधला होता. तिथली शिडे पाहिली की वज्रसेनाच्या घशाखाली घास उतरत नसे.

त्याने कुहूकाला बोलावले.

"भानुकेतूपेक्षा लांब धक्का हवा."

"बांधतो. धक्क्याचा दगड न् दगड तुझ्यावर ऋण. ते फिटेपर्यंत भरती माझी."

"दिली."

सकाळी काळा धक्का उभा होता. खोल पाण्यात कुहूकाची गलबते लागली. पण किनाऱ्यावर भरती येईना. कोळ्यांच्या होड्या वाळूत रुतल्या, चुली विझल्या.

राजवाड्यावरची टिटवी म्हणाली, "महाराज, भावाची शिडे रोज पाहिलीत. त्याच्या कोळ्यांच्या होड्या नाही पाहिल्यात. त्याही वाळूतच आहेत."

राजा उठला. आटलेल्या खाडीचा चिखल तुडवत पलीकडे गेला.

"धक्का मिरवायला आलास?" भानुकेतूने विचारले.

"नाही. या किनाऱ्यावर गोड्या विहिरी दोनच, तुझी आणि माझी. मी एकट्याने कुहूकाच्या गलबतांचे पाणी अडवले, तर ती तुझ्याकडे येतील."

"आणि मला तेच हवे असेल तर?"

"मलाही तेच हवे होते. म्हणून तर पायी आलो."

भानुकेतू प्रथमच हसला. दोघांनी एकच नियम केला. तहानलेल्याने किनाऱ्यावर पोटभर प्यावे, ही जुनी रीत कायम. पण गलबतावर पिंप न्यायचे, तर दर पिंपामागे धक्क्याचा एक दगड ऋणातून वजा.

कुहूक संतापून वज्रसेनाकडे आला.

"नियम मोड. धक्का दुप्पट करतो."

"नको."

"सोन्याचा दीपस्तंभ देतो. भावाकडे नाही तसा."

राजाने ओठ चावला. "नको."

"मूर्खा, भानुकेतूने नियम केव्हाच मोडला! उद्या सारी गलबते त्याची."

राजाच्या छातीत जुनी आग भडकली. हात कमरेला लटकणाऱ्या, विहिरीच्या कुलपाच्या किल्लीकडे गेला. तिथेच थांबला.

"मग त्याच्याकडेच जा."

"तिथूनच आलो," कुहूक पुटपुटला. "तोही हेच म्हणाला."

गलबतांवरचे खलाशी प्रवासाच्या पाण्यासाठी ओरडू लागले. कुहूकाने मान खाली घातली. दोन्ही विहिरींवर पिंपे भरू लागली, दगडामागून दगड वजा होऊ लागला. शेवटचे पिंप भरले, तशी भरती वाळूवर चढली आणि दोन्ही तीरांच्या होड्या सुटल्या.

ऋण फिटले.