कासारणीने काय सांगितलं

फार पूर्वी, नदीकाठच्या एका गावात एक कासारीण राहायची. त्या गावात एका आळीचं दुसऱ्या आळीशी फारसं जमायचं नाही. पण बांगड्यांची टोपली घेऊन कासारीण आली, की कोळणी, धनगरणी, विणकरांच्या बायका, सगळ्या जणी तिच्यापुढे हात करून बसायच्या.

एके वर्षी राजाने गावात एक वैद्यबाई पाठवली. ती चावडीत बसली आणि तिने दवंडी पिटवली, "काही दुखत नसलं तरी या, तपासून घ्या!"

गाव पोट धरून हसलं. दुखत नसताना वैद्याकडे कोण जातं? शिवाय कोळणींना सकाळी बाजार गाठायचा असे, धनगरणी मेंढरांमागे रानात असत, आणि पुरुषांनी भरलेल्या चावडीत विणकरांच्या बायका पाऊल टाकत नसत. वैद्यबाई नुसती माश्या मारत बसली.

शेवटी ती कासारणीकडे आली. "मावशी, मला तुमच्याबरोबर घरोघरी न्या. मागच्या गावात एक बाई माझ्याकडे आली, तेव्हा फार उशीर झाला होता हो. दुखत नव्हतं, म्हणून आधी आलीच नाही."

कासारणीच्या मनात पाल चुकचुकली. आपण शुभकार्यात वावरणारी बाई, बरोबर वैद्य नेला तर लोक दारं लावून घ्यायचे. पण त्या बाईची गोष्ट ऐकून तिला नाही म्हणवेना.

पहिलंच घर कोळ्यांच्या म्होरक्याचं. लेकीचं लग्न होतं. चुडा भरायला सगळ्या आळ्यांतल्या बायका जमल्या होत्या. नवरीच्या आईने कपाळाला आठ्या घातल्या.

"लग्नघरात वैद्यबाई कशापायी आणलीस गं?"

"कुणी आजारी पडू नये म्हणून आणलीय, काकी."

"मग आधी तूच तपासून घे की!" बायका फिदीफिदी हसल्या.

आता मागे कसं फिरणार? कासारीण आतल्या खोलीत गेली. वैद्यबाईने डोळे पाहिले, नाडी पाहिली. मग काखेपाशी तिचा हात थांबला.

"मावशी, इथे चिंचोक्याएवढी गाठ आहे. दुखत नाही, म्हणून तुम्हाला कळली नाही. आत्ताच काढली तर बऱ्या व्हाल. मी कुणाला काही सांगणार नाही. सांगायचं की नाही, ते तुम्ही ठरवा."

कासारणीने पदर सावरून दाराकडे पाहिलं. गाठ म्हटल्यावर नवरीचा हात आपल्या हातात कोण देणार? या घरी नाही आणि पुढे कुठल्याच लग्नघरी नाही. हसून 'काही नाही निघालं' म्हणावं आणि मोकळं व्हावं! पण मग या सगळ्या म्हणतील, बघा, उगाच तपासायचं. आणि यांच्यातल्या एखादीला अशीच न दुखणारी गाठ असली तर?

ती बाहेर आली.

"काय निघालं गं?" नवरीच्या आईने विचारलं.

"गाठ निघाली, काकी. मला पत्ताच नव्हता. लवकर सापडली, म्हणून बरी होईन म्हणतात. तुम्हाला मी नको असेन तर चुडा दुसरीकडून भरून घ्या. पण बायांनो, तुम्ही तपासून घ्या. पाया पडते तुमच्या."

कासारणीने टोपली उचलली. तिचे डोळे भरून आले होते.

एवढ्यात नवरीची आई उठली आणि तिने टोपली कासारणीच्या हातातून काढून खाली ठेवली.

"बस. चुडा तूच भरायचा," ती म्हणाली. "माझी आई अशाच गाठीनं गेली. लोक काय म्हणतील म्हणून तिनं शेवटपर्यंत लपवली. वैद्यबाई, चला आत. आधी मला तपासा."

तिच्यामागे एक धनगरीण उठली, मग विणकराची सून. संध्याकाळपर्यंत त्या खोलीत एकीमागून एक बाई जातच राहिली.

वैद्यबाई पुन्हा चावडीत बसली नाही. ती कोळीवाड्यात बाजार आटोपल्यावर जाई, धनगरांकडे मेंढरं परतल्यावर आणि विणकरांच्या बायकांकडे थेट माजघरात. बहुतेकींना काहीच निघालं नाही. ज्यांना निघालं, त्या वेळेवर उपचार घेऊन बऱ्या झाल्या. कासारणीची गाठ काढताना तिला त्रास झाला, पण जखम भरली. नंतर त्या घरच्या नवरीच्या डोहाळजेवणाला पहिलं बोलावणं तिलाच आलं.

तात्पर्य: दुखायची वाट न पाहता तपासून घ्यावं, आणि आपल्या शब्दाला लोक मानत असतील, तर आधी स्वतः तपासून घेऊन जे निघेल ते खरं सांगावं.