पूर्ण शंभर

"...आणि हे जुळायला लागलं कधीपासून?" बेर्डेगुरुजींनी विचारलं.

"दसऱ्यापासून," उल्का म्हणाली. "एक दिवस चुकलेला नाही. पूर्ण शंभर."

गुरुजींनी वही मिटली. सही केली नाही.

उल्का तांबे वाट बघत उभी राहिली. वाट बघणं तिच्या स्वभावात नव्हतं, आणि आज तर मुळीच नव्हतं. सोमवारी तिला पुण्यात समितीपुढे उभं राहायचं होतं. तीन वर्षांची मेहनत आणि डॉक्टरेट, दोन्ही त्या एका वहीवर टांगलेलं होतं. शंभर आले असं पत्रही तिने समितीला आधीच धाडून दिलं होतं. आता राहिली होती ती एक सही, या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या म्हाताऱ्याची. कोकणातल्या या उघड्या कातळसड्यावर मनोरा त्यांनी उभा केला होता आणि उल्कालाही त्यांनीच शिकवलं होतं.

मनोऱ्याचं काम सांगायला सोपं आहे. ऊन पडतं, जमीन ते घेते. पण घेतलेलं ती सगळं ठेवून घेत नाही. थोडं हवा तापवायला देते, थोड्यात ओलाव्याची वाफ करून वर धाडते, थोडं पोटात मुरवते. मनोऱ्याच्या आडव्या दांडीवरचं एक यंत्र जमिनीनं किती घेतलं ते मोजतं, बाकीची यंत्रं हे तीन वाटे मोजतात. तिन्हींची बेरीज घेतलेल्या उन्हाएवढी यायला हवी.

ती येत नाही. शंभर घेतले तर कुठे ब्याऐंशी सापडतात, कुठे पंच्याऐंशी. जगभर हीच रड आहे आणि भल्याभल्यांनी तिच्यापुढे हात टेकले आहेत.

उल्काचे मात्र शंभर आले होते.

"सही करा ना, गुरुजी."

"चूक कुठाय ती बघतोय."

"चूक नाहीच आहे."

"म्हणून तर बघतोय..."

तिचा पारा चढला. दोन वर्षांपूर्वी समितीचे अध्यक्ष चहा पिता पिता म्हणाले होते की सड्यावरच्या पोरींनी आंबे मोजावेत, ऊन मोजायच्या भानगडीत पडू नये. सगळे हसले होते. ते हसणं अजून तिच्या कानात होतं.

"तुमचं कधी जुळलं नाही," ती म्हणाली, "म्हणून माझंही जुळू नये, असं आहे का?"

बोलली आणि तिची कानशिलं तापली. पण शब्द मागे घेतला नाही. घ्यायचाही नव्हता.

गुरुजींनी खुंटीवरची टोपी काढून डोक्यावर ठेवली, वही काखेत मारली आणि ते बाराच्या उन्हात चालू लागले. ती पाय आपटत मागून गेली.

मनोऱ्यापाशी पोचल्यावर त्यांनी खांबाला हात लावून तो कपाळाला लावला. ही त्यांची रोजची रीत.

"दसऱ्याला काय काय केलंस?"

"तारा बदलल्या. आकडेमोडीची पद्धत नव्यानं लिहिली. वाऱ्याचं यंत्र उतरवून पुन्हा बसवलं. तीन दिवस जेवणाची शुद्ध नव्हती मला."

"आणि?"

"आणि काय... यंत्रांची पूजा केली. तुम्हीच शिकवलीत ती."

"कुंकू कुठे लावलंस?"

"माथ्यावर."

गुरुजींनी मान वर करून दांडीच्या टोकाकडे बघितलं.

उल्काची नजर वर गेली. आडव्या दांडीच्या टोकाला अर्ध्या लिंबाएवढा काचेचा घुमट होता. ऊन त्याच काचेतून यंत्रात शिरायचं. खालून त्याची फक्त कड दिसत होती.

"काच दर आठवड्याला पुसतेस ना?"

"...नाही."

"का गो?"

"शंभर यायला लागले होते." तिचा आवाज खाली आला. "हात लावला तर बिघडेल असं वाटलं. मी कुणालाच वर चढू दिलं नाही."

तिने शिडी लावली आणि ती वर गेली.

घुमटावर कुंकू होतं. ओल्या अंगठ्याने ठसठशीत ओढलेलं, वर चार अक्षता चिकटलेल्या, आणि त्यावर साडेचार महिन्यांची सड्याची तांबडी धूळ बसलेली. अंगठा तिचाच होता.

यंत्राला ऊनच कमी दिसत होतं. जमिनीनं घेतलेलं कमी भरत होतं, म्हणून तीन वाटे बरोबर पुरत होते. तिची नवी पद्धत, बदललेल्या तारा, उपाशी काढलेले तीन दिवस, यातलं काहीही त्या शंभराला कारण नव्हतं.

"तुम्ही कुठे लावायचात?" तिने वरूनच विचारलं.

"खांबाच्या पायाला. डोळ्यात कुंकू कोण घालतं?"

तिला रडू येईल असं वाटलं होतं, पण आला तो संताप. स्वतःचा, गुरुजींचा, त्या चार तांदळांचासुद्धा.

"जूनपर्यंत पाऊस नाही," ती म्हणाली.

"नाही."

"तोवर हे असंच राहील. आणि समितीतलं कुणी शिडी चढत नाही, गुरुजी."

"नाही चढत."

"तुम्ही मला अडवत का नाही?"

"शिडीवर तू आहेस..."

ती तशीच थांबली. दांडी हाताला चटके देत होती. राहू द्यावं, असं तिला अगदी मनापासून वाटलं. सोमवारी शंभर म्हणावं आणि अध्यक्षांचा चेहरा बघावा. दोन वर्षं ती त्या चेहऱ्यासाठीच राबली होती.

पण मग त्यांच्यापुढे उभी राहणार होती ती कोण? बोटाखाली ऊन झाकून आणलेली बाई. म्हणजे ते हसले ते बरोबरच हसले, असं तिने स्वतःच कबूल केल्यासारखं झालं असतं. हे तिला भलतंच झोंबलं.

तिने ओढणीचं टोक बाटलीतल्या पाण्यात भिजवलं आणि घुमट पुसला. एकदा पुसला, मग कोरड्या टोकाने पुन्हा पुसला. अक्षता खाली कातळावर पडल्या.

खाली गुरुजी खांबाला लावलेल्या पेटीतल्या पडद्यावरचा आकडा वाचत होते.

"घेतलेलं चारशे सत्त्याऐंशी होतं... पाचशे वीस... पाचशे सत्तर..." ते थांबले. "पाचशे चौऱ्याण्णव. थांबला."

"आणि वाट्यांची बेरीज?"

"चारशे सत्त्याऐंशीच."

"म्हणजे ब्याऐंशी," उल्का म्हणाली आणि शिडी उतरली. "अठरा कमी. होते तिथेच आले मी."

तिने गुरुजींच्या हातातली वही ओढून घेतली. दसऱ्यापासून आजपर्यंतच्या एकेका पानावर शाईने तिरपी रेघ मारली. बरीच पानं होती. गुरुजींनी थांबवलं नाही, घाईही केली नाही. शेवटच्या पानावर तिने लिहिलं, 'घुमटावर कुंकू होते. चूक माझी. काच पुसल्यावर ब्याऐंशी.' आणि वही त्यांच्यापुढे धरली.

"घ्या. आता हेच घेऊन जाते. लोक ते अठरा तीन वाट्यांत वाटून टाकतात आणि शंभर दाखवतात. मी वाटणार नाही. पत्रात खोटं लिहिलं गेलं, तेही सांगेन. अठरा गेले कुठे असं विचारलं तर माहीत नाही म्हणेन, त्यांच्या तोंडावर. हसायचं तर हसू दे."

"म्हण."

वारा पडला होता. सड्यावरचं वाळकं गवत हलत नव्हतं.

"तुम्हाला तरी माहीत आहे का, गुरुजी? जातात कुठे ते?"

"चाळीस वर्षं शोधतोय..."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. ही थट्टा नव्हती.

"आणि त्यांनी मला हाकलून दिलं तर?"

गुरुजी कातळावर बसले. वही गुडघ्यावर ठेवून त्यांनी तिच्या ओळीखाली सही केली, तारीख घातली, पेनाला टोपण लावलं.

"मग परत ये. अठरा इथेच आहेत."