चार ओळींचा अर्ज

साखर कारखान्याच्या मासिकासाठी लांबलचक भाषणं छाटणारा संपादक हवा होता. निवृत्तीनंतर घरी बसून कोमेजलेल्या प्राध्यापक केळुस्करांना ही नोकरी मनापासून हवी होती. पण धास्तीने खोडता खोडता त्यांच्या अर्जात चारच ओळी उरल्या.

"बाकीच्यांनी दहा-दहा पानं लिहिली, आणि तुम्ही चार ओळी?" चेअरमन रावसाहेब ढमढेरे मुलाखतीत कडाडले. मग कारखान्याचा इतिहास, स्वतःचा त्याग, अर्जातली अदब यांवर त्यांनी इतकं सुनावलं, की समोरच्या चहावर साय धरली.

"बोला सर, भाषणं छाटायला जमेल?"

केळुस्करांनी घाबरत चष्मा पुसला. "साहेब, आत्ताचं छाटून पाहिलं. 'अर्ज लहान आहे,' एवढंच उरलं."

मग रावसाहेब गडगडाटी हसले.

"उद्यापासून या! पण आधी उपाध्यक्षांची भाषणं छाटा. माझी सावकाश!"