आनशीकाकीची बरणी

फार वर्षांपूर्वी, म्हणजे आमच्या कातळवाडीत विजेचा खांबसुद्धा आला नव्हता तेव्हा, आमच्या शेजारी आनशीकाकी राहायची. नीट बसा सगळे. तिची गोष्ट सांगायला लागले की मला मात्र एका जागी बसवत नाही.

तिच्या अंगणात ओट्याला लागून चिनीमातीची एक बरणी होती. आत माणूस मावेल एवढी मोठी, असं म्हणतात. मला तर ती डोक्याच्याही वर दिसायची, पण मी होते सात वर्षांची. मे महिन्यात घराघरांतून रातांब्यांच्या टोपल्या काकीकडे जायच्या. ती लालभडक फळं फोडून बिया बाजूला काढायची, सालं नि गर बरणीत टाकायची आणि वर खडेमीठ पसरायची. मग आठ दिवस ऊन, आणि रोज सकाळी तळापासून ढवळायचं. त्यातून निघायचं काळपट लाल, आंबटखारट आगळ. अख्ख्या वाडीची वर्षाची सोलकढी आणि पित्तावरचं औषध त्या एका बरणीतून यायचं. काकीच्या हाताला गुणच तसा होता. तिने ढवळलेलं आगळ दहा वर्षं टिकायचं, असं म्हणतात.

नियम एकच होता. बरणीत ओला हात घालायचा नाही.

त्या वर्षी मी विहिरीवरून आंघोळ करून निथळतच तिच्या अंगणात शिरले. कुणी नव्हतं. वास असा सुटलेला की जीभ आवरेना. ओट्यावरून वाकले, कोपरापर्यंत हात आत घातला आणि चाटत सुटले. काय सांगू तुम्हाला, तशी चव पुन्हा कधी लागली नाही!

तिसऱ्या दिवशी बरणीवर पांढरी बुरशी आली. साऱ्या वाडीचे रातांबे आत, झाडं रिकामी आणि डोंगरामागे ढग. वर्षाचं आगळ गेलं म्हणून माणसं अंगणात जमली आणि कुणाचा हात ओला होता ते विचारू लागली. माझा हात घासघासूनही लालच होता. मी तो परकरात लपवला. काकीने माझ्या परकराकडे पाहिलं.

"हात माझोच ओलो होतो," ती म्हणाली.

मग काय, पुढच्या वर्षीपासून आगळ दुसऱ्या कुणी घालावं, असं तिथल्या तिथे ठरलं. काकीने मान डोलावली. फक्त ही बरणी मला निस्तरू द्या, एवढंच तिने मागितलं.

तिने करवंटीने बुरशी काढली, घरातलं होतं नव्हतं तेवढं मीठ आत ओतलं आणि बरणीपाशी ठाण मांडलं. ढग डोंगरावर चढले तेव्हा तिने वर बघून त्यांना दटावलं, "वायच थांबा रे, माझा काम रवलाहा." आणि ढग थांबले! तीन दिवस डोंगरावर खोळंबून राहिले आणि ऊन फक्त काकीच्या अंगणात पडलं, असं म्हणतात. म्हणतात कशाला, मी पाहिलंय.

चौथ्या दिवशी सकाळी तिने मला हाक मारली. पदराने माझा हात बोटाबोटांतून कोरडा केला आणि म्हणाली, "आता ढवळ गे." मी ढवळत होते आणि रडत होते.

ते आगळ तीन वर्षं पुरलं. माणसं नेत राहिली आणि बरणी काही उणी होईना, असं म्हणतात. दुसऱ्या कुणी आगळ घालायचं, हे पुन्हा कुणाच्या तोंडून निघालं नाही.

आजही कातळवाडीत पहिली बरणी भरली की वाडीतली सर्वांत थोरली बाई सगळ्यांसमोर म्हणते, "हात माझोच ओलो होतो." मग सर्वांत लहान पोराचा हात पदराने पुसते आणि पहिलं ढवळणं त्याला देते. पोरं खिदळतात. तो ओला हात खरा कुणाचा होता, हे त्यांना ठाऊक नसतं.

यंदा वाडीत सगळ्यांत थोरली मीच आहे.